काठापासून काठापर्यंत

दीर्घ पल्ल्याचे खुल्या पाण्यातील पोहणे हा तरणतलावातील पोहण्याचा नुसता लांबवलेला प्रकार नव्हे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे लागते. तलावात दर पंचवीस किंवा पन्नास मीटरला भिंत येते, तिच्यावर पाय रोवून पोहणारा स्वतःला पुढे लोटतो, वळताना क्षणभर सावरतो, तळावरची काळी पट्टी त्याला सरळ ठेवते आणि पाण्याचे तापमान फारसे हलत नाही. खाडीत किंवा समुद्रात यांतले काहीच नसते, उलट पाणी स्वतःच चालत असते आणि पोहणाऱ्याला कधी त्याच्यासोबत, कधी त्याला आडवे, तर कधी त्याच्या विरुद्ध तासन्‌तास हात मारत राहावे लागते. ज्याचे पाय अपघातात गेले आहेत, पोलिओने बारीक झाले आहेत किंवा पाठीच्या कण्याला इजा झाल्याने निकामी झाले आहेत, अशा व्यक्तीने या पोहण्याची तयारी करायची म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न मराठीत क्वचितच तपशिलाने मांडला गेला आहे.

त्याचे एक कारण भाषेतच आहे. अशी एखादी मोहीम पार पडली की वृत्तपत्रांना एक शब्द हाताशी असतो, तो म्हणजे जिद्द. शब्द खोटा नाही, पण तो फार लवकर वापरला जातो आणि तो वापरला की पुढचे विचारायचे राहून जाते: खांदे टिकवले कसे, अंगातली ऊब राखली कशी, दहा तासांत लघवीची सोय काय होती, हलत्या होडीच्या शिडीवर चढणे कसे जमले. या प्रश्नांची उत्तरे शरीरशास्त्र, भरती-ओहोटीचे गणित आणि बारीकसारीक व्यवस्था यांत आहेत. ती शिकता येतात आणि शिकवताही येतात. जिद्दीचे तसे नाही. म्हणूनच बहुधा तिच्यावर लिहिणे सोपे जाते.

पोहणे आणि अपंगत्व यांचा आधुनिक संबंध रुग्णालयातून सुरू होतो. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ मध्ये लुडविग गुटमन या डॉक्टरांनी मेरुरज्जूच्या, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडग्याच्या दुखापतींसाठी विभाग उघडला, तेव्हा अशा रुग्णांना मारणारी दोन मुख्य कारणे होती: अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. गुटमन यांनी रुग्णांना दर काही तासांनी कूस बदलायला लावली आणि हालचालीसाठी खेळ सुरू केले. १९४८ मध्ये तेथे भरलेल्या छोट्या स्पर्धेतून पुढे १९६० च्या रोममधील पहिल्या पॅरालिंपिकपर्यंत मजल गेली आणि त्यात पोहणे होते. महाराष्ट्राचा धागा येथे फार लवकर जुळतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे लष्करातील मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पद्मश्री त्यांना २०१८ मध्ये मिळाली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी.

पॅरालिंपिकमधील जलतरण मात्र तलावापुरते राहिले. तेथे फ्रीस्टाइलची सर्वांत लांब शर्यत ४०० मीटरची असते, आणि खुल्या पाण्याचा अनुभव मिळतो तो २०१६ पासून समाविष्ट झालेल्या पॅराट्रायथलॉनमध्ये, तोही ७५० मीटरपुरता. तलावात वर्गवारी असते: शारीरिक अपंगत्वासाठी एस १ ते एस १०, दृष्टिदोषासाठी एस ११ ते एस १३, बौद्धिक अपंगत्वासाठी एस १४, आकडा जितका लहान, तितकी हालचालीवरची मर्यादा मोठी. समुद्राला वर्ग नाहीत. आपल्याकडील अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर जी टक्केवारी असते, तिचाही पाण्यात उपयोग नाही. चाळीस टक्क्यांच्या रेषेवर सवलती मिळतात, पण सत्तर टक्के अपंगत्व असलेली दोन शरीरे पाण्यात एकमेकांशी काडीचेही साम्य दाखवत नाहीत, आणि प्रशिक्षणाची सुरुवात या फरकापासूनच करावी लागते.

माणूस पाण्यात आडवा राहतो तो दोन बिंदूंच्या ओढाताणीतून. शरीराचे वजन ज्या बिंदूवर एकवटले आहे असे मानता येते, तो गुरुत्वमध्य बेंबीच्या खाली असतो. पाणी शरीराला वर ढकलते त्या बलाचा मध्य मात्र फुप्फुसांतील हवेमुळे छातीकडे सरकलेला असतो. हे दोन बिंदू एका रेषेत येऊ पाहतात, म्हणून स्थिर पडलेल्या माणसाचे पाय हळूहळू खाली जातात, आणि पाय खाली गेले की शरीर तिरपे होऊन अधिक पाणी अडवते. पाय मारण्याचे, म्हणजे किकचे, मोठे काम पुढे ढकलणे हे नसून पाय वर राखणे आणि हात पुढे टाकताना धडाला बसणारा हेलकावा सावरणे हे आहे. लांब पल्ल्याचे धडधाकट पोहणारेही पाय जपून मारतात, कारण मांडीचे मोठे स्नायू फार प्राणवायू खातात आणि त्या मानाने वेग थोडा देतात.

आता याच मोजपट्टीवर निरनिराळी शरीरे ठेवून पाहावीत. दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या व्यक्तीच्या शरीराचे मागचे वजन कमी झालेले असते, त्यामुळे तिची कंबर आपोआप पृष्ठभागाजवळ राहते. निसर्गाने एका हाताने घेतलेले थोडेसे दुसऱ्या हाताने परत दिल्यासारखे हे असते. पण हेलकावा सावरायला मागे काही उरत नाही आणि शरीर नागमोडी जाऊ लागते, म्हणून अशा पोहणाऱ्याला पोटाचे व पाठीचे स्नायू कसून तयार करावे लागतात, हात जरा रुंद टाकावा लागतो आणि दर मिनिटाला हातांची संख्या वाढवावी लागते. एकच पाय असलेल्याचे शरीर एका कुशीवर कलते आणि श्वास कोणत्या बाजूने घ्यायचा, हा सवयीचा प्रश्न न राहता तोल साधण्याचा प्रश्न होतो. पोलिओचा बारीक पाय वजनाला हलका असल्याने तरंगतो, पण कंबरेचे स्नायू आखडलेले असतील तर तो सरळ मागे जात नाही. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवरचा ताबा बिघडण्याची अवस्था, असलेल्यांचे स्नायू थंड पाण्यात आणखी ताठरतात आणि वाकलेले गुडघे पाण्यात ब्रेकसारखे काम करतात. मेरुरज्जूच्या इजेतही सैल पडलेले पाय आणि अधूनमधून आपोआप झटके देणारे पाय असे दोन अगदी वेगळे प्रकार असतात. ‘पाय चालत नाहीत’ या तीन शब्दांत ही सगळी शरीरे कोंबली जातात, आणि एकासाठी आखलेला तक्ता दुसऱ्याच्या हाती दिला की खांदा गेलाच म्हणून समजावे.

पायांवाचून किती अंतर पडते, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकने दिला. दक्षिण आफ्रिकेच्या नताली दु टॉइट हिचा डावा पाय २००१ मध्ये स्कूटरच्या अपघातानंतर गुडघ्यापासून काढावा लागला होता. ती कृत्रिम पाय न लावता पोहत असे आणि त्या वर्षी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आलेल्या १० किलोमीटरच्या शर्यतीत तिने धडधाकट स्पर्धकांबरोबर भाग घेतला. ती सोळावी आली. विजेत्या लारिसा इल्चेंकोची वेळ होती १ तास ५९ मिनिटे २७.७ सेकंद, नतालीची २ तास ४९.९ सेकंद. दोन तासांच्या शर्यतीत ८२ सेकंदांचा हा फरक सव्वा टक्क्याहून कमी आहे. शिवाय किकची खरी गरज या शर्यतीत सुरुवातीच्या गर्दीत, बोयाला वळसा घालताना आणि शेवटच्या काहीशे मीटरच्या धावाधावीत लागते. मधले कित्येक किलोमीटर मुख्यतः हातांचे असतात. अंतर वाढत जाते तसतसा पायांचा हिशेबातील वाटा घटत जातो, हे या आकड्यांवरून दिसते, आणि पाय गमावलेल्यांनी ५० मीटरपेक्षा ५० किलोमीटरकडे वळणे यात वेडेपणापेक्षा व्यवहार अधिक आहे, असे म्हणायला जागा राहते.

हातांचा हिशेब मात्र निर्दय असतो. मिनिटाला साठ हात म्हणजे तासाला ३६००, आणि दहा तासांत ३६,०००. प्रत्येक खांद्याच्या वाट्याला १८,००० फेरे येतात. धडधाकट माणसाचा खांदा किनाऱ्यावर आल्यावर विश्रांती घेतो. चाकाच्या खुर्चीवर किंवा कुबड्यांवर वावरणाऱ्याचा खांदा घेत नाही, कारण घरी जायचे, खुर्चीतून पलंगावर सरकायचे, जिन्याचा कठडा धरून चढायचे, तेही त्याच खांद्याने. म्हणून अशा जलतरणपटूचा सरावाचा तक्ता करताना पाण्यातील किलोमीटरबरोबर जमिनीवरचे श्रमही मोजावे लागतात: ज्या दिवशी प्रवास झाला, त्या दिवशीचे पोहणे कमी करायचे, खुर्ची ढकलताना छातीचे पुढचे स्नायू आखडतात म्हणून खांद्याची पाती मागे ओढणारे रबरी पट्ट्यांचे व्यायाम रोज करायचे, आणि खांद्याच्या खोबणीत बारीक ठणका सुरू झाला की तो जिरवण्याचा शूरपणा करायचा नाही. विश्रांतीचा दिवस पाळणे ही येथे सर्वांत अवघड शिस्त ठरते.

मेरुरज्जूच्या इजेत आणखी एक अदृश्य पदर असतो. पाणी शरीराची उष्णता हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते, आणि शरीर त्याला दोन उपायांनी तोंड देते: त्वचेतील रक्तवाहिन्या आवळून आणि कुडकुडून. इजेच्या पातळीखाली हे दोन्ही उपाय दुबळे पडतात, आणि जेथे संवेदना नाही तेथे थंडी वाजतही नाही. म्हणजे चोर घरात शिरला आहे आणि कुत्रे भुंकत नाही, अशी ही स्थिती असते. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया, म्हणजे शीतघात म्हणतात. त्याची पहिली लक्षणे, जसे हाताची बोटे फाकणे, बोलणे जड होणे, हातांची गती कमी होणे, पोहणाऱ्याला स्वतःला कळत नाहीत. ती होडीवरच्या माणसाने टिपायची असतात. त्यासाठी दर काही मिनिटांनी हात मोजून वहीत लिहिले जातात. मिनिटाला अठ्ठावन्न असणारा आकडा पन्नासवर आला, तर होडीवरून साधा प्रश्न विचारला जातो, घरचा पत्ता किंवा उलटे आकडे, आणि उत्तराला लागलेल्या वेळेवरून पुढचा निर्णय होतो. पाण्याबाहेर काढल्यावरही काही काळ तापमान उतरतच राहते, म्हणून त्या व्यक्तीला आडवे ठेवून, कोरडे करून गुंडाळतात. गरम पाण्याची पिशवी संवेदना नसलेल्या पायांवर ठेवणे ही चूक भाजल्याचा फोड आल्यावरच कळते.

याच गटातील पोहणाऱ्यांना लघवीचा प्रश्न जिवावरचा असतो. धडधाकट पोहणारा पाण्यातच मोकळा होतो आणि त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. ज्याच्या मूत्राशयावर मेंदूचा ताबा उरलेला नाही, त्याला ठरावीक वेळाने मूत्रनलिका, म्हणजे कॅथेटर वापरावा लागतो; आणि छातीच्या वरच्या भागात, साधारण सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेले मूत्राशय, त्वचेवरचा दाब किंवा न जाणवलेली जखम यांमुळे रक्तदाब अचानक उसळी घेऊ शकतो. या अवस्थेला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोके ठणकते, चेहरा लाल होतो, आणि उपाय न केल्यास मेंदूत रक्तस्राव होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. वाढलेल्या रक्तदाबाने कामगिरी सुधारते म्हणून काही खेळाडू ती मुद्दाम ओढवून घेत असत, आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीला त्यावर बंदी घालावी लागली. समुद्रात दर अर्ध्या तासाने पाणी व साखर देणे तर भाग असते, मग ते पाणी बाहेर कसे पडणार याचे वेळापत्रक पिण्याच्या वेळापत्रकाशेजारीच लिहावे लागते. गुटमन यांनी ज्या दोन शत्रूंशी सामना सुरू केला, त्यांतला एक असा थेट भर समुद्रात भेटतो.

दुसरा, म्हणजे जखम, भेटतो तो काठावर. खाडीतल्या जेट्टीच्या पायऱ्यांवर भरतीच्या रेषेपर्यंत शेवाळ असते आणि त्याखाली कालवे चिकटलेली असतात, ज्यांची धार ब्लेडसारखी लागते. पायात संवेदना असलेला माणूस पाऊल टेकताच ‘आई गं’ म्हणतो आणि सरकतो. संवेदना नसलेल्याची टाच तशीच घासत जाते आणि रक्त दिसेपर्यंत कोणालाच पत्ता लागत नाही. खारट पाण्यात कित्येक तास भिजून त्वचा मऊ पडलेली असते, पोहण्याच्या पोशाखात अडकलेला वाळूचा एक कण माकडहाडाशी घासत राहतो, होडीच्या फळीवर बसताना लाकडाची शीर टोचते. म्हणून उतरण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर टाचा, घोटे, नितंबांची हाडे आणि माकडहाड यांची तपासणी आरशाने किंवा सोबत्याच्या डोळ्यांनी करायची असते. एखादा लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिका पडत नसेल, तर तेवढ्यासाठी आठवडाभराचा सराव बंद ठेवावा लागतो. या सगळ्यात पराक्रम दिसत नाही, हे खरे.

आता नियमांकडे वळावे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील इंग्लिश खाडी अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे, आणि १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब यांनी ती २१ तास ४५ मिनिटांत पोहून पार केली तेव्हापासून तिचे नियम या खेळाचे मूळ व्याकरण झाले आहेत: साधा पोशाख, एक टोपी, एक चष्मा, अंगाला हवे तर ग्रीस, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत होडीला किंवा माणसाला स्पर्श नाही. उन्हाळ्यातही तेथील पाणी साधारण १५ ते १८ अंशांचे असते. १९८० च्या दशकात मुंबईच्या तारानाथ शेणॉय यांनी, ज्यांना ऐकू येत नव्हते आणि ज्यांची दृष्टीही अधू होती, ही खाडी एकाहून अधिक वेळा पार केली. लहानपणी रेल्वे अपघातात दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावलेले पश्चिम बंगालचे मसुदुर रहमान बैद्य यांनी ती १९९७ मध्ये ओलांडली आणि २००१ मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनीही.

फ्रान्सचे फिलिप क्रोआझाँ यांचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे. १९९४ मध्ये छतावरची टीव्हीची अँटेना काढताना उच्च दाबाच्या विजेचा धक्का बसून त्यांचे चारही अवयव कापावे लागले. २०१० च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी सुमारे साडेतेरा तासांत इंग्लिश खाडी पार केली, ती मांड्यांना जोडलेल्या कृत्रिम पायांच्या टोकाला पंख लावून, अंगभर रबरी पोशाख घालून आणि श्वासासाठी स्नॉर्केल वापरून. पारंपरिक नियमांत हे बसत नाही. त्यावरून ‘मग ते खरे पोहणे का’ असा वाद घालणाऱ्यांनी हेही पाहावे की या नियमांमागे हातपाय असलेला माणूस गृहीत धरला आहे. ज्याला ढकलायला तळहातच नाही, त्याच्यासाठी पंख ही सवलत नसून पाण्याशी व्यवहार करण्याची किमान सोय आहे. उलट नताली दु टॉइट कृत्रिम पायाशिवाय पोहली म्हणूनच तिची वेळ इतरांच्या वेळेशेजारी मांडता येते. दोन्ही नोंदी ठेवाव्यात, पण एकाच रकान्यात ठेवू नयेत, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

भारतीय पॅरा जलतरणपटूंनी खाडीच्या मोहिमेसाठी बरेचदा रिले, म्हणजे आळीपाळीने पोहण्याची पद्धत निवडली. २४ जून २०१८ रोजी मध्य प्रदेशचे सत्येंद्रसिंह लोहिया, महाराष्ट्राचे चेतन राऊत, राजस्थानचे जगदीशचंद्र तेली आणि पश्चिम बंगालचे रिमो साहा या चौघांनी इंग्लिश खाडी १२ तास २६ मिनिटांत पार केली. पुढल्या वर्षी अशाच भारतीय चमूने कॅलिफोर्नियाजवळची कॅटालिना खाडी ११ तास ३४ मिनिटांत ओलांडली. लोहिया यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. रिलेचा नियम असा की प्रत्येकाने ठरलेल्या क्रमाने एकेक तास पोहायचे, क्रम बदलायचा नाही, आणि एखाद्याला उतरणे अशक्य झाले तर सगळ्यांचा प्रयत्न तेथेच संपतो. चौघांत १२ तास २६ मिनिटे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन फेऱ्या, आणि पहिल्याला चौथ्यांदा उतरून शेवटची सव्वीस मिनिटे.

वरवर पाहता हे एकट्याने पोहण्यापेक्षा सोपे वाटते. पण पायांनी अधू असलेल्या माणसाच्या दृष्टीने रिलेतील कठीण जागा पाण्यात नसून शिडीवर असते. तासभर थंड पाण्यात हात मारून बधिर झालेल्या बोटांनी हलत्या होडीची शिडी पकडायची आणि पायांची मदत न घेता, किंवा अर्धीच घेऊन, अंगाचे सगळे वजन ज्या खांद्यांनी आत्ताच तासभर काम केले त्याच खांद्यांवर वर ओढायचे. वर येताच ओले कपडे बदलायचे तर होडी डोलते आहे आणि उभे राहायला भक्कम पाय नाहीत, म्हणून फळीवर बसून, पाठ केबिनला टेकवून, सोबत्याने धरलेल्या टॉवेलाआड ते उरकायचे. मग तीन तास पांघरुणात बसून, मळमळ आवरत, गरम काहीतरी पोटात ढकलायचे आणि अंग जेमतेम तापले की पुन्हा उतरायचे. एकट्याने पोहणारा एकदाच गारठतो, रिलेतला तीनदा. नवा पोहणारा आधीच्याच्या मागे पाण्यात शिरून त्याला ओलांडून पुढे जातो, तेव्हाच बदल ग्राह्य धरला जातो, त्यामुळे उतरण्याची क्रियाही तालमीने बसवावी लागते. भारतात यासाठी तलावाच्या काठाला दोराची शिडी सैल बांधून सराव करता येतो, पण किती जलतरण तलावांवर अशा सरावाला परवानगी मिळेल, हा प्रश्नच आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थंडीचा प्रश्न नसतो, ओढीचा असतो. धरमतर जेट्टी ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटरचे अंतर मुंबईच्या जलतरणपटूंची पिढ्यान्‌पिढ्यांची कसोटी आहे, आणि संक रॉक दीपस्तंभ ते गेटवे हे पाचेक किलोमीटरचे अंतर तिची पहिली पायरी. धरमतरच्या खाडीतून ओहोटीबरोबर बाहेर पडायचे आणि मुंबई बंदराच्या मोकळ्या पाण्यात भरती धरून गेटवेकडे सरकायचे, असा हा आडाखा असतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते तेव्हा पाणी जोरात धावते, अष्टमीच्या सुमारास भांग असतो तेव्हा ते मवाळ असते, आणि साधारण सहा तासांनी पाणी फिरते. ज्याचा वेग तासाला चार किलोमीटर आहे, त्याची थोडी चूक पाणी पोटात घालते. ज्याचा दोन आहे, त्याची घालत नाही, कारण उलट्या ओढीत तो हात मारत असतानाच मागे जातो. कमरेखाली अर्धांगवायू झालेले, मुंबईत वाढलेले शम्स आलम यांनी २०१४ मध्ये नौदल दिनाच्या स्पर्धेत ६ किलोमीटर १ तास ४० मिनिटे २८ सेकंदांत, तर २०१७ मध्ये गोव्यात ८ किलोमीटर ४ तास ४ मिनिटांत पार केले. पहिल्याचा वेग तासाला साडेतीन किलोमीटरहून थोडा अधिक येतो, दुसऱ्याचा दोनच्याही किंचित आत. एवढी तफावत नुसत्या खांद्यांची असू शकत नाही, तीत पाण्याचाही हात धरावा लागतो. म्हणून संथ पोहणाऱ्याच्या मोहिमेची तारीख त्याच्या तयारीइतकीच पंचांगावर ठरते, आणि होडीवरचा तांडेल हा त्याचा अर्धा प्रशिक्षक असतो. कोणत्या बोयाजवळ पाणी आधी फिरते आणि कोठे ते रेंगाळते, हे त्याला तक्त्यांशिवाय माहीत असते.

एवढे सगळे ज्ञान हाताशी असूनही पहिला अडथळा बहुधा तलावाच्या दारातच भेटतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला, त्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य झाले आणि खेळांच्या सोयींचाही उल्लेख आला. तरीही सार्वजनिक तरणतलावाला उतार नसणे, कपडे बदलण्याच्या खोलीला उंच उंबरा असणे, ओल्या गुळगुळीत फरश्यांवर कुबडीचे रबर घसरणे आणि पाण्यात उतरायला उभी लोखंडी शिडीच असणे हे चित्र सर्रास दिसते. पदकविजेत्याला बक्षीस देताना जी तत्परता दिसते, तिचा काही अंश एका उतारावर खर्च झाला, तर पुढचे पोहणारे कोठून येणार हा प्रश्न पडणार नाही. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी होणाऱ्या सागरी जलतरण स्पर्धेत दिव्यांगांसाठी स्वतंत्र गट ठेवला जातो, ही गोष्ट म्हणूनच महत्त्वाची आहे. तेथेही कोरड्या वाळूत खुर्चीची अरुंद चाके रुततात आणि पाण्यापर्यंतचे शेवटचे वीस-तीस पावलांचे अंतर कोणाच्या तरी खांद्यावरून जावे लागते.

हेच अंतर परतताना एकट्याने कापायचे असते. इंग्लिश खाडीच्या नियमांनुसार प्रयत्नाची सुरुवात कोरड्या किनाऱ्यावरून होते आणि शेवट पोहणारा पाण्याच्या कडेबाहेर आल्यावर, किंवा समोर सरळ कडा असेल तर त्या खडकाला हात लागल्यावर होतो. तोवर कोणीही त्याला शिवायचे नाही. ज्याला उभे राहता येते तो लाटेच्या मागोमाग चार पावले झोकांड्या खात बाहेर येतो. ज्याला येत नाही त्याने काय करायचे, याची तालीम घ्यावी लागते, आणि ती ओहोटीच्या वेळी, घट्ट वाळूच्या किनाऱ्यावर घेतलेली बरी. लाट पुढे ढकलते तेव्हा हात पोटाशी घेऊन तिच्यावर स्वार व्हायचे. ती मागे ओढू लागली की कोपरे वाळूत रोवून, मान खाली घालून जागच्या जागी तग धरायचा. पुढची आली की पुन्हा हातभर सरकायचे. पाय मागून फरफटत येतात, त्यांच्याखाली शंख-शिंपले असतील तर ते नंतर तपासायचे. प्रशिक्षक टॉवेल खांद्यावर टाकून दोन हात अंतरावर उभा असतो, त्याने हात पाठीमागे बांधलेले असतात, आणि लाटेचा फेस घोट्यांमागे सरकून पायांच्या दोन्ही बाजूंना ओली वाळू उघडी पडली, की मगच तो खाली वाकतो.